हा रऊबेन कोणत्या गावचा?

नारायणराव रोज पहाटे पाच वाजता उठून पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, एक अध्याय वाचत, आणि रोज पाच वाजून वीस मिनिटांनी त्यांच्या लक्षात येई की आपण काय वाचलं ते आपल्याला काडीचंही आठवत नाही. विनंती थांब्यावरून एसटी जाते ना, तसे त्यांचे डोळे ओळींवरून जात. थांबा दिसतो, माणसं हात करतात, गाडी निघून जाते.

एरवी त्यांनी हे चालवून घेतलं असतं. वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला, वाचून काही न कळण्याची सवय असते. पण ते बोंडअळीचं साल होतं, आणि नारायणराव कृषी सहायक होते. चार गावं त्यांच्याकडे. बीटी कपाशीच्या बोंडाला अळी शिवत नाही, हे त्या चारही गावांत पारावर उभं राहून, हातात रंगीत पत्रक धरून, कोणी सांगितलं होतं? त्यांनीच. आता त्याच गावांत ते पंचनामे करत फिरत होते. वावरात जायचं, वीस बोंडं तोडायची, नखानं फोडायची, आतली गुलाबी अळी मोजायची आणि लिहायची. शेतकरी शेजारी उभा राहायचा आणि शांतपणे विचारायचा, "साहेब, आता काय म्हणता?" शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिवीला गप्प बसता येतं. "काय म्हणता" ला काहीतरी म्हणावं लागतं, आणि नारायणरावांकडे म्हणायला एक शब्द उरला नव्हता.

तो शब्द ते पहाटे शोधत होते. फार मोठं मागणं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, त्या पुस्तकानं आपल्याशी बोलावं. आणि त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, बायकोलाही न सांगता, की एकतीस डिसेंबरपर्यंत ते बोललं नाही तर पुस्तक कापडात बांधून ट्रंकेत ठेवायचं. तीस वर्षं एकट्यानंच बोलत राहणं माणसाला शोभत नाही.

आता पुस्तक बोलत नाही हे गुपित फुटलं कसं, ते सांगायला हवं. त्यांच्या चर्चच्या मंडळीत रविवारी उपासना संपली की प्रत्येक घरातल्या एकानं उभं राहून, या आठवड्यात वचन माझ्याशी काय बोललं, ते सांगायची पद्धत होती. नारायणराव उठले, मेंढपाळाबद्दल चार वाक्यं बोलले आणि बसणार, एवढ्यात मागच्या बाकावरून मंजुळाबाई बोलल्या. मंजुळाबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. कोणाला कोणतं इंजेक्शन कधी दिलं ते त्यांना अजून पाठ होतं.

"नारायणराव, हे तुम्ही मागच्या रविवारी सांगतलं होतं. त्याच्या मागच्याही."

"वचन तेच आहे ना बाई."

"वचन तेच आहे, पण तुमची जांभईबी तीच आहे."

मंडळी हसली. लहान पोरंसुद्धा. नारायणराव तसेच उभे राहिले, आणि कोण जाणे कसं, पण खरं बोलून बसले. "खरं सांगू का, चार महिने झाले, वचन मले काहीच बोलून नाई राह्यलं."

मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. पाळकसाहेबांनी घाईघाईनं शेवटची प्रार्थना उरकली. मग बाहेर चहाच्या कपांबरोबर सल्ले आले. कोणी म्हणालं उपास करा. कोणी म्हणालं चष्म्याचा नंबर तपासा. मंजुळाबाईंनी विचारलं, "आता कुठं आले तुम्ही वाचत?"

"लेवीय पुस्तक संपत आलं. त्याच्या पुढचं गणना."

"मंग बरोबर आहे. गणनेत भलेभले झोपतात. ते सोडा अन् स्तोत्रं धरा."

सोडा म्हणे. ज्या माणसानं आयुष्यभर रजिस्टरं लिहिली, त्याला मधली पानं सोडायला सांगणं म्हणजे काय ते मंजुळाबाईंना कळलं नसावं. कोरं पान सोडलं की तपासणीत आक्षेप येतो. इथली तपासणी तर कोण करणार होतं ते नारायणरावांना चांगलं ठाऊक होतं.

घरी आल्यावर प्रकरण त्यांच्या मुलीनं हातात घेतलं. योगिनी नववीत होती. वक्तृत्व स्पर्धेत ती नुकतीच तालुक्यात दुसरी आली होती, आणि तेव्हापासून जगात सुधारण्यासारखं खूप काही आहे असं तिला दिसू लागलं होतं. "बाबा, तुमची पद्धत चुकते," तिनं निदान केलं. दिवाळीच्या सुट्टीतल्या युवक शिबिरात तिला चार रंगांच्या पेन्सिलींची युक्ती शिकवली होती. आज्ञा दिसली की निळी रेघ, पाप दिसलं की लाल, अभिवचनाला पिवळी आणि देव स्वतः बोलला की हिरवी.

नारायणरावांनी तीन रंग मुकाट्यानं चालवले. हिरव्याशी ते अडले. पेन्सिल हातात धरून बराच वेळ बसले.

"काय झालं?" योगिनीनं विचारलं.

"हिरवी शाई राजपत्रित अधिकाऱ्याची असते."

"बाबा, ही पेन्सिल आहे."

"रंग तोच आहे ना. माह्या हातून नाई होणार."

शेवटी हिरव्या रेघा योगिनीनं मारून द्यायच्या असं ठरलं. पण लाल पेन्सिल हातात आली की नारायणराव जे वाचत ते त्यांना दुरुस्तीचं वाटू लागे, आणि आठवडाभरात त्यांनी दोन ठिकाणी समासात "खुलासा व्हावा" असं लिहून ठेवलं. आशाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ते पाहिलं आणि चारही पेन्सिली उचलून पिठाच्या डब्यामागे ठेवल्या.

दुसरा उपाय शेजारून आला. शेजारी वाहेदभाई गादीवाले. त्या साली त्यांचाही जीव मेटाकुटीला आला होता, कारण बाजारात येणारा सगळा कापूस अळीनं डागाळलेला, गाठी धरलेला. अशा कापसाची गादी पाठीला खड्यांसारखी टोचते. ते स्वतः पहाटे फजरच्या नमाजनंतर रोज कुराण वाचत, भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येई, आणि त्यात झोपेचा लवलेश नसे.

"नारायणभाऊ, तुम्ही मनातल्या मनात वाचता," वाहेदभाई म्हणाले. "मनात वाचलं तर मन आरामात झोपून जाते. आवाज काढा. खुल्या हवेत बसा. आपलाच आवाज आपल्या कानावर पडला पाहिजे."

हा सल्ला इतका साधा होता की त्यातून काही बिघडेल असं कोणालाच वाटलं नाही. एक डिसेंबरला पहाटे नारायणराव मफलर गुंडाळून गच्चीवर गेले आणि गणनेचा पहिला अध्याय खणखणीत आवाजात वाचू लागले. पारावर उभं राहून बोलायची सवय होतीच.

आता, ज्यांनी हा अध्याय वाचलेला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं की त्यात देव मोशेला सांगतो, सगळ्या लोकांची कुळाप्रमाणे, नावानिशी मोजदाद कर. मग ती मोजदाद येते. रऊबेनाचे वंशज, शेहेचाळीस हजार पाचशे. शिमोनाचे वंशज, एकोणसाठ हजार तीनशे. असं गादापासून पुढे बारा कुळांपर्यंत. आणि ज्यांनी नारायणरावांचं घर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं की गच्चीच्या बरोबर खाली, अमडापूरला जाणाऱ्या पहिल्या गाडीसाठी थांबलेली माणसं शेकोटी करून बसत.

शेकोटीवरची बोलणी थांबली.

"काय वाचून राह्यले साहेब?"

"यादी दिसते. पंचनाम्याच्या भरपाईची."

"अशी पहाटी?"

"दिवसा वाचली त लोक मारतीन ना बे."

तुळशीराम तिथेच होता. तुळशीरामचे तीन एकर अळीनं खाल्ले होते, आणि गावात बोलायचं कोणी हा प्रश्न आला की लोक त्याच्याकडे पाहत. त्यानं कान देऊन सगळी यादी ऐकली आणि शेवटी एकच विचारलं, "हा रऊबेन कोणत्या गावचा?"

कोणाला सांगता येईना. एकजण म्हणाला नाव नांदुऱ्याकडचं वाटते. दुसरा म्हणाला देऊळघाटात त्याचा साडू आहे, तिथं असं कोणी नाही. पण एक गोष्ट सगळ्यांना लख्ख कळली. परक्या गावच्या हजारो लोकांची नावं लागली होती, आणि आपल्या गावचं एकही लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेकोटीला तीस माणसं होती. नारायणरावांना वाटलं थंडी वाढली. त्यांनी दुसरा अध्याय वाचला. त्यात तीच कुळं, तेच आकडे, फक्त छावणीत कोणी कुठल्या बाजूला उतरायचं ते नव्यानं दिलंय. "दुरुस्त यादी आली," खाली निर्णय झाला. तिसऱ्या दिवशी लेवी कुळाच्या मोजणीत एक महिन्याच्या पोरापासून मोजलेलं निघालं, तेव्हा तुळशीराम उभाच राहिला. "पाळण्यातल्या पोट्ट्याचं नाव लागते, अन् मी साठ वर्षांचा माणूस त्याईले दिसत नाई."

तरीही काहीजणांना शंका होती. ती सात तारखेला मिटली. सातव्या अध्यायात बारा सरदार बारा दिवस अर्पणं आणतात, आणि प्रत्येकाचं अर्पण अगदी सारखं असून ते बारा वेळा पूर्णच्या पूर्ण लिहिलेलं आहे. नारायणरावांनी ते बाराही वेळा वाचलं, कारण सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. खाली एक म्हातारा मान हलवत म्हणाला, "बारा वेळा तोच मजकूर, फक्त नाव बदलते. हे सरकारी नाई त काय आहे?"

आठ तारखेला तालुक्याच्या कचेरीवर मोर्चा गेला. रऊबेन, शिमोन व गाद यांची यादी रद्द करा, अशी मागणी होती. कचेरीनं निवेदन घेतलं, त्यावर पोच दिली, आणि नियमाप्रमाणे खालच्या कार्यालयाला पत्र पाठवलं की सदर तिन्ही गावांतील बाधित क्षेत्राचा अहवाल तात्काळ सादर करावा. दोन दिवसांनी ती गावं नकाशात सापडत नाहीत असं कळलं. मग नारायणरावांना नोटीस आली. गोपनीय यादी सार्वजनिक ठिकाणी वाचून शेतकऱ्यांत असंतोष पसरवल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा सात दिवसांत खुलासा करावा.

वीस वर्षांत नारायणरावांना कधी नोटीस आली नव्हती. त्यांनी ती दोनदा वाचली, आणि त्यांना जाणवलं की तिच्यातला शब्दन् शब्द लक्षात राहिलाय. हे त्यांना फार लागलं. देवाचं वाचून काही लक्षात राहत नाही आणि साहेबाचं राहतं, म्हणजे आपण नेमके कोणाचे?

खुलाशाला गणनेच्या पहिल्या सात अध्यायांची झेरॉक्स जोडायची होती, साक्षांकित. शाळेच्या मुख्याध्यापकांनी शिक्का उचलला आणि खाली ठेवला. "मूळ प्रत पाहिल्याशिवाय खरी नक्कल म्हणता येत नाही."

नारायणरावांनी बायबल पुढे केलं.

"हे भाषांतर आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "मूळ कुठं असते?"

"मूळ इब्री भाषेत आहे."

"मग ते आणा."

"बाबा, मी बोलू का यांच्याशी?" योगिनीनं दारातून विचारलं. नारायणराव नको म्हणेपर्यंत ती बोलूनही गेली होती, स्पर्धेतल्यासारखी, मुद्देसूद, हातवारे करून. मुख्याध्यापकांनी सगळं ऐकून घेतलं आणि वर्ग चालू असताना बाहेर फिरल्याबद्दल तिच्या वडिलांना तोंडी समज दिली. शिक्का मिळाला नाही. खुलासा साध्या झेरॉक्सवर गेला.

घरी आशाबाई म्हणाल्या, "आता तरी खाली बसून वाचा. नाईतर नकाच वाचू."

पण वाचन थांबवलं तर गुन्हा कबूल केल्यासारखं दिसेल, असं नारायणरावांना वाटलं. म्हणून ते रोज गच्चीवर जात राहिले, पन्नास माणसांसमोर, ओठांवर वाळवंटातले लोक आणि पोटात नोटीस घेऊन. वचन काय सांगतंय याचा विचार करायला आता तर जागाच उरली नव्हती. वर्ष संपायची ते वाट पाहत होते. ट्रंकेत जागासुद्धा करून ठेवली होती.

बावीस तारखेला भल्या पहाटे तालुक्याचे साहेब स्वतः चौकशीला आले. गच्चीवर त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. साहेब म्हणाले, "रोज वाचता तसंच वाचा. एक अक्षर गाळू नका."

बाविसावा अध्याय होता. त्यात एक फार मानाचा माणूस, राजाच्या बोलावण्यावरून, आपल्या गाढवीवर बसून सरकारी दौऱ्यावर निघाल्यासारखा निघतो. वाटेत देवदूत तलवार घेऊन उभा असतो. तो गाढवीला दिसतो, त्या माणसाला दिसत नाही. गाढवी बिचकते, हा तिला झोडपतो. असं तीनदा होतं. मग गाढवीला वाचा फुटते आणि ती विचारते, मी तुझं काय केलं म्हणून मला मारलंस?

खाली पहिल्यांदा कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळी शेकोटी हसली. साहेबांनी कप खाली ठेवला.

"हे नेमकं आजच बरं आलं?"

"क्रमानं वाचतो, साहेब."

"यात गाढव कोणाला म्हटलंय?"

"गाढवीला, साहेब."

साहेब जीपमध्ये बसून गेले. चार दिवसांनी आदेश आला. सदर मजकूर ही यादी नसल्याचे आढळले, तथापि संबंधितांनी शेतकऱ्यांच्या भावना विचारात घेतल्या नाहीत, सबब त्यांना ताकीद देण्यात येत आहे व तशी नोंद सेवापुस्तकात घ्यावी. तथापि म्हणजे निर्दोष सुटलेल्या माणसाला दिलेली शिक्षा, हे नारायणरावांना त्या दिवशी कळलं.

यादी नाही म्हटल्यावर शेकोटी ओस पडली. तुळशीराम जाताना म्हणाला, "साहेब, वाईट वाटून नका घेऊ. लोकाईले वाटलं, कुठंतरी कोणाचं तरी नाव लागलं."

सत्तावीस तारखेला खाली एकटी रुक्मिणीबाई होती. ती पहिल्या दिवसापासून यायची, शेकोटीपासून जरा लांब, अंगावर घोंगडं घेऊन बसायची आणि कोणाशी बोलायची नाही. नारायणराव थकल्या आवाजात सत्ताविसावा अध्याय वाचू लागले. सलाफहाद नावाचा माणूस वाळवंटात मेला. त्याला मुलगा नव्हता, पाच मुली होत्या. त्या मोशेपुढे, याजकापुढे आणि सगळ्या मंडळीपुढे उभ्या राहिल्या.

"थांबा," रुक्मिणीबाई खालून म्हणाली. "पाच जणी?"

"पाच."

"काय म्हणल्या?"

"बापाले पोरगा नाई म्हणून त्याचं नाव काऊन मिटवता. आमाले वावर द्या, म्हणल्या. बापाच्या भावाईच्या बरोबरीनं."

"मंग?"

नारायणरावांनी पानावर बोट ठेवलं. हा अध्याय त्यांनी आयुष्यात सातव्यांदा उघडला होता. "मोशेनं देवाले विचारलं. देव म्हणला, पोरी बरोबर बोलून राह्यल्या. त्याईले द्या."

रुक्मिणीबाई उठून गच्चीच्या जवळ आली. मग म्हणाली, "तुम्ही माह्या वावरात आलते."

"आलतो."

"वीस बोंडं फोडली. माह्या हातानं तोडून देल्ली मी."

"हाव."

"अन् नाव चुलतभावाचं लिहिलं."

"बाई, सातबाऱ्यावर त्याचंच…"

"हाव. सातबाऱ्यावर." तिनं घोंगडं सारखं केलं. "बाप गेला तवा त्यानं लावून घेतलं. वावर मीच वाह्यते, एकवीस वर्षं झाले. म्हणून रोज येऊन बसे इथं. म्हणलं, एखांद्या यादीत चुकून असन माहं नाव."

नारायणरावांनी पानावरचं बोट काढलं. पुस्तक बोललं होतं. चार महिने ज्याची वाट पाहिली ते अखेर घडलं होतं, आणि त्यांना अजिबात आनंद झाला नाही. त्यांनी दिलासा मागितला होता, लोकांना सांगण्याजोगी एखादी गोड ओळ मागितली होती. मिळालं ते काम, आणि तेही दुसऱ्या खात्याचं. जमिनीवरचं नाव बदलायचा फेरफार तलाठ्याकडे असतो, वाद असला तर तालुक्याला. बोलायचंच होतं तर निदान कृषी खात्याबद्दल तरी बोलायचं.

"उद्या पहिल्या गाडीनं तालुक्याले जाऊ," ते म्हणाले. आवाज त्यांचाच होता, वाहेदभाईंच्या सल्ल्याप्रमाणे त्यांच्याच कानावर पडला, आणि आता तो मागे घेता येणार नव्हता.

अठ्ठावीस तारखेला कचेरीतल्या बाबूनं अर्ज उलटा धरून वाचल्यासारखा वाचला. "वारस नोंद. एकवीस वर्षं. इतके दिवस काय केलं बाई?"

"कापूस वेचला."

"चुलतभावाचं संमतीपत्र लागेल."

"तो देईन त मी इथं काऊन येईन?"

बाबूनं नारायणरावांकडे पाहिलं. "तुम्ही कोण? ते गाढवीवाले ना? तुमचा काय संबंध यात?"

संबंध सांगायचा तर सत्ताविसाव्या अध्यायापासून सुरुवात करावी लागली असती, आणि त्याची साक्षांकित प्रत नव्हती. "पंचनामा मी केला," ते एवढंच म्हणाले.

बाबूनं अर्ज एका गठ्ठ्यावर ठेवला आणि त्यावर दुसरा गठ्ठा ठेवला. साहेब दौऱ्यावर आहेत, बसा, असं सांगितलं. त्या गठ्ठ्याचं पुढे काय होतं ते नारायणरावांना माहीत होतं. तसे गठ्ठे त्यांनी स्वतः बांधले होते. ते बाहेरच्या बाकावर बसले आणि त्यांना एकाएकी फार म्हातारं वाटलं.

रुक्मिणीबाईनं विचारलं, "आजचं वाचलं का तुम्ही?"

"नाई. पहिल्या गाडीनं निघालो ना."

"मंग वाचा."

पिशवीत सातबाऱ्याच्या उताऱ्याखाली पुस्तक होतं. त्यांनी पान उघडलं, नजर फिरवली आणि त्यांचं तोंड उतरलं. "आज काही नाई याच्यात. नुस्ती कोकरं आहेत. कोणत्या दिवशी किती अर्पण करायची, त्याचे नियम."

"किती?"

"रोज दोन. सकाळी एक, सांजच्याले एक."

"रोज?"

"रोज. खंड नाई."

रुक्मिणीबाईनं चपला काढल्या, पाय बाकावर घेतले आणि नीट मांडी घातली.

"मंग सांजच्याले दुसरा अर्ज देऊ," ती म्हणाली. "तुम्ही लिहून ठेवा. मले सही येते."